घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट: सालबर्डी ते पचमढी, वाळूच्या दगडावर वापरून

निकाल पहिलेच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याला पुढं वाचायची गरज नाही. चिखलदऱ्यासाठी, पावसाळी चिखलासाठी, काट्याकुट्याच्या जंगलासाठी पाचपैकी चार. सालबर्डी, धारूळ, पचमढी, थोडक्यात जिथं वाळूचा दगड आहे तिथं पाचपैकी अडीच. एकाच बुटाला दोन वेगळे मार्क कसे, हे समजायचं असेल तर थोडं दगडाबद्दल बोलावं लागेल अन् ते मी भरपूर बोलणार आहे, कारण दुकानात कोणी ते सांगत नाही आणि नेटवरच्या रिव्ह्यूंमध्येही कुठं दिसत नाही. रिव्ह्यू करणारे बहुतेक पुण्या-मुंबईकडचे, त्यांचा डोंगर सह्याद्री, सह्याद्रीत जिकडे तिकडे बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, त्यामुळे "रॉक ग्रिप जबरदस्त" असं लिहिलं की तो रॉक कोणता हे सांगायची त्यांना गरजच वाटत नाही. आपल्या विदर्भात दगडाचे इतके प्रकार आहेत की असं मोघम लिहून भागत नाही राजेहो.

कंपनीचं नाव टाकत नाही. एक तर मॉडेल दरवर्षी बदलतं, दुसरं असं की खाली जे दोष लिहिलेत ते एका कंपनीचे नाहीत, या टाइपच्या सगळ्याच बुटांचे आहेत. टाइप असा: घोट्याच्या वर दोन बोटं येणारे, वरून स्वेडसारखं लेदर अन् मधे मधे जाळी, आत वॉटरप्रूफ पडदा, पुढं बोटांवर रबराची टोपी, खाली कडक रबराचा गट्टूवाला सोल, गट्टूंची उंची 5 मिलिमीटरच्या आसपास. अमरावतीला साडेतीन हजाराच्या आत मिळाले. मला नऊ नंबर लागतो, मी दहा घेतला, आणि उतारावर अंगठा पुढं आपटत नाही, जाड मोजाही आरामात बसतो, पण हे माझ्या पायाचं झालं, तुम्ही घालून बघूनच घ्या. आमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे, तिथं ओलित करताना, फवारणीच्या वेळेस, तोडा चालू असताना क्रेट उचलताना असे सगळीकडे हे बूट रगडून वापरलेत, नुसते फोटोपुरते नाही.

चिखलदऱ्याचं आधी उरकतो कारण तिथं तक्रारच नाही. गाविलगडाच्या बाजूनं उतरताना जो घसारा लागतो, मुरूम, सुटे गोटे, मधेच लाल मातीचा पट्टा, तिथं हे मोठे गट्टू जमिनीत रुततात अन् पाय थांबतो. बसाल्ट फुटतो तो ढेकळासारखा, गोल गोल गोटे सुटतात, घोटा मुरगळायची भीती तिथं खरी, आणि घोट्यापर्यंतचा बूट तिथं कामाला येतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या बसाल्टवर कोणताच बूट टिकत नाही, हा पण नाही टिकला, त्याचा दोष बुटाला देण्यात अर्थ नाही.

आता सालबर्डी. मोर्शीच्या उत्तरेला, नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे मध्य प्रदेशचा बैतूल. महाशिवरात्रीच्या यात्रेला आपल्याकडचे सगळेच जाऊन आलेले असतात, डोंगरातल्या भुयारातल्या महादेवाचं दर्शन घेतलं, प्रसाद खाल्ला, घरी. पण यात्रा नसताना जाऊन त्या नदीच्या पात्रात नुसतं चालून बघा. थोड्याशा परिसरात चार वेगवेगळ्या वयाचे दगड पायाखालून जातात. सगळ्यात जुना ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे जमिनीखालच्या दाबानं-उष्णतेनं बदललेला पट्टेदार दगड), त्याच्यावर गोंडवाना काळातला, म्हणजे लाव्हाच्या कितीतरी आधीचा वाळूचा दगड ज्याला पुस्तकात वालुकाश्म म्हणतात, त्याच्यावर लॅमेटा नावाचा चुनखडीचा अन् मातकट थर, आणि सगळ्यात वर काळा बसाल्ट, म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लॅमेटाच्या त्या थरात डायनासोरच्या अंड्यांचे अवशेष सापडल्याची नोंद आहे. (दिसलंच काही गोल गोल तर फोटो काढा, उचलून घरी आणू नका, शोकेसमध्ये ठेवलेल्या गोट्याला काही अर्थ राहत नाही, तो कोणत्या थरात होता यातच त्याची किंमत असते.)

बाकी सगळा वऱ्हाड लाव्हाच्या थराखाली झाकलेला असताना इथंच जुना दगड वर कसा दिसतो, याचं कारण गाविलगडचा फॉल्ट. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन तडकलेली आहे, तडकीच्या उत्तरेची बाजू वर उचलली गेली, दक्षिणेची खाली बसली. उचललेल्या बाजूवरचा लाव्हा पावसानं, नद्यांनी घासून नेला अन् काही ठिकाणी खालचे थर उघडे पडले. खाली बसलेल्या बाजूवर पूर्णेनं गाळ आणून टाकला, शेकडो फूट. आपल्या भागात एकाच्या शेतात बोअरला मातीच माती लागते अन् चार गावं सोडून दुसऱ्याच्या बोअरला वीस फुटांवर काळा दगड, यात त्या तडकीचा मोठा हात आहे. बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्या पोट्ट्यांना हे नकाशाशिवाय समजतं, बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग पाहून ते सांगतात खाली काय आहे ते.

तर सालबर्डीला पहिल्यांदा वाळूच्या दगडावर हे बूट घेऊन चढलो, कोरडा दगड, कोरडं ऊन, उतार फार नव्हता, अन् पाय सटकला. पडलो नाही, पण सटकला. माझ्यासोबत तिथलाच एक कोरकू दादा होता, पायात टायरच्या सोलची चप्पल, तो त्याच खडकावरून हात मागं बांधून वर गेला. वर जाऊन म्हणतो, "दादा, तुमचे बूट तं लय भारी हायेत, पण ते पायाले गोटा समजूच देत नाई." माझ्या मते या बुटांचा याच्यापेक्षा नेमका रिव्ह्यू होऊ शकत नाही, पण त्याच्यामागचं कारण सांगतो.

इथला वाळूचा दगड बनला तो नदीनं आणलेल्या वाळूपासून. वाळूचे कण एकावर एक साचतात, वरच्या वजनानं दाबले जातात, अन् त्यांच्यामधून झिरपणारं पाणी सोबत विरघळलेली सिलिका, लोह किंवा चुना आणून कणांच्या मधे साचवतं, तेच त्याचं सिमेंट, काही दगडांत नुसती चिकणमातीच सिमेंटचं काम करते. दगड किती पक्का हे वाळूवर कमी अन् या सिमेंटवर जास्त अवलंबून. वाळूचा कण बहुतेक क्वार्ट्झचा, कठीणपणाच्या मोहस मापावर 7, आपला घरचा चाकू साडेपाचच्या आसपास, म्हणजे चाकूनं ओरखडलं तर कणावर काही होणार नाही, उलट चाकूवर रेघ येईल. पण कण मजबूत आणि सिमेंट कच्चं असलं की दगड वरून सतत कण सोडत राहतो. तिरप्या खडकावर नुसता हात फिरवला तरी तळव्याला वाळू लागते. फरशीवर ज्वारी सांडल्यावर पाय पडला की जे होतं तेच त्या सुट्या कणांवर होतं.

आता बूट. गट्टूवाल्या सोलचा दगडाला टेकणारा भाग थोडाच असतो, कारण मधे मधे खाचा. मातीत त्या खाचा कामाच्या, मोकळ्या खडकावर बिनकामाच्या. त्यात रबर कडक, ते दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात दबत नाही, कणांच्या डोक्यावर तरंगत राहतं. वाळूच्या दगडाची पकड खरं तर भारी असते, कोरडा अन् स्वच्छ असेल तर बसाल्टपेक्षा केव्हाही बरा, पण त्यासाठी मऊ रबर पाहिजे, सपाट पाहिजे अन् पूर्ण तळवा टेकला पाहिजे. टायरच्या घासलेल्या चपलेत नेमकं तेच होतं, सपाट तळवा, वाकणारा तळवा. माझ्या बुटाचा मिडसोल, म्हणजे सोलच्या वरचा मधला थर, इतका ताठ की तळवा वाकतच नाही, पुढच्या चार गट्टूंवर सगळं वजन येतं. दुकानदारानं "सोल किती स्टिफ आहे बघा" म्हणून हाच मुद्दा फायदा सांगून विकला होता. सुट्या गोट्यांवर फायदा आहेही, खोटं बोलला नाही बिचारा.

दगड ओळखायचा कसा, हे कोणी विचारेल म्हणून सांगून ठेवतो, बूट कोणताही असो उपयोगी पडेल. बाटलीतून दोन थेंब पाणी टाका, ताज्या बसाल्टवर ते बसून राहतं नाहीतर ओघळतं, वाळूच्या दगडात बहुतेक वेळा बघता बघता मुरतं. जवळून बघितलं तर कण दिसतात, भिंतीवर तिरप्या तिरप्या रेघा दिसतात. त्या रेघा नदीच्या. पात्रात वाळूचे उंचवटे प्रवाहासोबत पुढं सरकताना त्यांच्या उतरत्या बाजूवर थर साचत जातात, थर ज्या दिशेला उतरतात त्या दिशेला तेव्हाचं पाणी वाहत होतं. धारूळच्या बाजूला डोंगरात जे शैलाश्रय आहेत, जिथं 2007 साली अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींना आदिमानवाची चित्रं सापडली, तेही याच प्रकारच्या दगडात. छपरासारखा पुढं आलेला खडक, खाली कोरडी जागा. खालचा थर कच्चा म्हणून आत आत खात गेला, वरचा पक्का म्हणून टिकला, अन् माणसाला फुकटात घर मिळालं. तिथं जायचं तर स्थानिक माणूस सोबत घेऊनच जा, वाट सरळ नाही, आणि चित्रांवर पाणी मारून फोटो काढणारे महाभाग असतात त्यांच्यासोबत तर अजिबात जाऊ नका.

पचमढीला मात्र बुटांची खरी परीक्षा झाली. आमच्याकडून पांढुर्णा, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं जातो, घाट चढायला लागलं की रस्त्याच्या कडेला भिंती सुरू होतात, पिवळट, लालसर, कुठं पांढऱ्या. हा पचमढी सँडस्टोन, ट्रायासिक काळातला, ढोबळमानानं 24-25 कोटी वर्षं जुना. जाड वाळू, तिच्यात पांढऱ्या गारगोटीचे गोटे भरलेले, कारण ज्या नद्यांनी हे आणलं त्या जोरात वाहणाऱ्या अन् सतत पात्र बदलणाऱ्या होत्या. त्याच्या पुष्कळ खाली, याच गोंडवाना मालिकेतल्या जुन्या थरात कोळसा आहे. आपल्या चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसाही गोंडवानाचाच, अन् नागपूरजवळच्या कामठीच्या नावानं तर या मालिकेतला एक अख्खा थरच ओळखला जातो. नागपूरला ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तो स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसाराला आला होता पण कामठीच्या दगडातली ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाची दगड झालेली पानं गोळा करत फिरायचा. 1863 साली टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात बुडून गेला बिचारा. त्याच्या काळात वॉटरप्रूफ बूट नव्हते, गट्टूवाला सोल नव्हता, तरी माणसानं अर्धा नागपूर प्रांत पायी तुडवला.

धूपगड 1,350 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, तेही याच दगडाचं. वरून बघितलं की एक गोष्ट लगेच दिसते, इथल्या कड्यांना उतार नाही. सह्याद्रीत पायऱ्या पायऱ्या दिसतात, लाव्हाचा एकेक थर वेगळा पडतो म्हणून. इथं एकदम सरळ भिंत अन् खाली काळोखी खोह, म्हणजे खोल दरी, हांडी खोह बघितली असेल तर समजेल. वाळूच्या दगडाचा हा जाड थर उभ्या चिरांनी चिरलेला आहे. पाणी त्या चिरांतून खाली जातं, खाली एखादा मातकट थर लागला की तिथं अडतं अन् आडवं बाहेर झिरपतं, झिरपता झिरपता तो मातकट थर खात जातं. आधार गेला की वरचा तुकडा उभ्या चिरेवरून सुटतो, सरळ खाली. मागं राहते ती परत उभी भिंतच. असं लाखो वर्षं चाललेलं आहे आणि वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या डोंगरावर ते थांबायचं काही कारण नाही. जटाशंकरची ती अरुंद फट, महादेवाच्या गुहेत उन्हाळ्यातही टपकणारं पाणी, सगळं या चिरांचंच काम. गुहेत पाणी टपकतं तिथं बाहेर वाटेवरही ते कुठंतरी झिरपत असतंच, आणि बुटाचा विषय परत तिथंच येतो.

झिरपणीच्या त्या पट्ट्यावर हे बूट धोकादायक आहेत. हा शब्द विचार करून वापरतोय. ओल्या वाळूच्या दगडावर शेवाळाचा पातळ थर, खाली मातकट ओल, त्यावर कडक रबर, काही विचारू नका. माझ्यासोबतचा एक जण याच टाइपच्या, पण जास्त महागड्या बुटात होता, तो बसला तो बसलाच, कंबर धरून. याच्यात अजून एक गोष्ट बुटाच्या बाहेरची पण सांगितलीच पाहिजे: ओला झाल्यावर वाळूचा दगड नुसता घसरडा होत नाही, तो कमजोर होतो. पाणी आत मुरतं, कणांमधली पकड ढिली पडते, कोरडा असताना ज्या कंगोऱ्याला धरून आपण वर गेलो तोच कंगोरा पावसानंतर हातात येऊ शकतो. जगात जिथं जिथं वाळूच्या दगडावर चढाई करतात तिथं पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबायची पद्धत आहे, वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो म्हणून. आपल्याकडे मात्र पाऊस थांबला की लगेच रील काढायला कड्याच्या टोकावर. तसंच त्या दगडातून बाहेर आलेल्या गारगोट्या, पाय ठेवायला मस्त वाटतात पण त्या नुसत्या सिमेंटच्या भरवशावर बसलेल्या असतात, पूर्ण वजन टाकायच्या आधी बुटाच्या टोकानं ठोकून बघा.

नागद्वारीच्या यात्रेचं सांगितल्याशिवाय पचमढी पूर्ण होत नाही. नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस तो रस्ता उघडतात, बाकी वर्षभर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, बंद. भर पावसात, त्याच ओल्या दगडावरून, लोखंडी शिड्यांवरून विदर्भातले हजारो लोक "हर बोला हर हर महादेव" करत जातात, मंडळांचे भंडारे जागोजागी, अन् पायात काय तर दीडशे-दोनशे रुपयांचे प्लास्टिकचे बूट नाहीतर कॅनव्हासचे. आमची मावशी साठीच्या पुढची, न चुकता जाते. तिला विचारलं, "मावशे, तुया पाय घसरत नाई का व?" तर म्हणे, "घसरते ना बाबू, पन मी पुरा पाय टेकवतो, नुसती टाच नाई टेकवत. अन् वल्ल्या गोट्यावर घाई नाई करत." मी साडेतीन हजार घालून जे शिकलो ते मावशीला दोनशेच्या बुटात माहीत होतं. प्लास्टिकच्या बुटाचं कौतुक म्हणून मात्र हे घेऊ नका, त्यात पाय शिजतो, टाचेला फोड येतात, अन् खाली दगड टोचतो. पण त्याचा तळ पातळ असतो, वाकतो, आणि पाणी आलं तसं वरून निघून जातं, हे तीन गुण माझ्या बुटात नाहीत हे कबूल करावं लागेल.

पाण्याचं निघालंच आहे तर वॉटरप्रूफबद्दल. बाहेरून पाणी आत येत नाही, सकाळच्या दवात, ओल्या गवतात, बागेत ठिबकच्या नळ्या फुटल्यावर, सगळीकडे पाय कोरडा राहिला, इथवर पैकीच्या पैकी. पण सालबर्डीची नदी ओलांडताना पाणी घोट्याच्या वर गेलं की ते वरून आत शिरतं अन् मग त्याच पडद्यामुळे बाहेर पडत नाही. दोन्ही बूट काढून उलटे करा, मोजे पिळा, परत घाला, पुढच्या ओढ्याला परत तेच. सुकायला ऊन असून पूर्ण दोन दिवस लागले, आणि तोवर वास असा की बायकोनं अंगणाच्याही बाहेर ठेवायला लावले. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको, एप्रिलमध्ये 43-44 ला पारा गेलेला असताना वॉटरप्रूफ बूट घालून खडकावर फिरायचं म्हणजे घाम आतच जमा होणार, तळवा पांढरा पडणार, मग घासून सालटं निघणार. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठीक आहेत. सोलापेक्षा हा पडदाच मला जास्त खटकतो, त्याचे पैसे वेगळे घेतात अन् विदर्भात त्याचा उपयोग थोडे महिनेच.

झीज. क्वार्ट्झवर चालल्यावर रबर झिजणारच, ते कोणाच्या बापाला चुकलं नाही, पण कडक रबर असल्यामुळे गट्टू अजून निम्म्याहून जास्त शाबूत आहेत. मऊ रबराचा बूट इतका टिकला नसता, हे माझ्या तक्रारीच्या विरोधात जाणारं आहे तरी लिहितोय. पकड पाहिजे तर रबर मऊ अन् मऊ असलं की लवकर संपणार, दोन्ही एकत्र देणारा बूट या किमतीत नाही. सोलपेक्षा खराब अवस्था बाजूच्या शिलाईची झाली. अरुंद फटींमधून जाताना बूट दोन्ही बाजूंनी भिंतीला घासतो, करंगळीजवळची शिलाई उसवली, अन् पुढची रबरी टोपी गोंदापासून सुटायला लागली. गावातल्या बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या मोचीकाकांनी नायलॉनच्या दोऱ्यानं सोलपासून वरपर्यंत शिवून दिलं, 150 रुपये घेतले, फॅक्टरीच्या शिलाईपेक्षा पक्कं झालं. शिवल्यावर तिथून वॉटरप्रूफपणा गेला हे उघड आहे, भोकं पडली पडद्याला, मला त्याचं दुःख नाही. दुकानात वॉरंटी विचारली तर "डोंगरात वापरले का?" असा प्रश्न आला. ट्रेकिंगचा बूट डोंगरात वापरला हा गुन्हा ठरला म्हणून तो विषय सोडला.

चांगलं काय ते पण नीट सांगतो नाहीतर म्हणाल नुसतं रडगाणं. बाभळीचा काटा, बोराटीचा काटा, सराटे, यांच्यापैकी एकही तळातून वर आला नाही. टायरची चप्पलवाल्या दादानं दिवसभरात कितीदा तरी बसून काटा काढला, मी एकदाही नाही. गवतातून चालताना साप-विंचवाची धास्ती कमी राहते. फक्त कुसळी गवतापासून सांभाळा, पावसाळा संपल्यावर ती कुसळं बुटाच्या जाळीत अशी रुततात की आतून पायाला टोचत राहतात अन् बाहेरून ओढली तर अर्धी तुटून आत राहतात. चिमटा सोबत ठेवा. जाळी नसलेलं, पूर्ण लेदरचं मॉडेल मिळालं तर आपल्या जंगलासाठी तेच बरं. लेस चांगली निघाली, गोल आहे पण सुटत नाही. आतली तळी काढून धुता येते.

मग घ्यायचं काय? तुमचं फिरणं मुख्यतः मेळघाट, चिखलदरा, शेत, जंगल असं असेल तर हेच घ्या, फक्त शक्य असेल तर वॉटरप्रूफ नसलेलं व्हर्जन घ्या, पाचसातशे वाचतील. सालबर्डी, धारूळ, पचमढी, तामिया असं डोक्यात असेल तर घोट्याच्या खाली येणारा, कमी गट्टूंचा, पुढच्या भागात सपाट रबर असलेला बूट बघा, अप्रोच शूज म्हणून मिळतात, ऑनलाइन किंवा नागपूरला. दुकानात बूट हातात घेऊन दोन्ही टोकं धरून वाकवा, पुढचा भाग सहज वाकला पाहिजे, अन् सोलच्या रबरात नख दाबून बघा, थोडं तरी दबलं पाहिजे. एवढं बजेट नसेल तर साधे कॅनव्हास बूट, जाड मोजे अन् ओल्या दगडावर मावशीसारखी चाल, नागद्वारीला हजारो लोकांचं त्याच्यावर भागतं. सोबत काठी घ्या, बुटाच्या पन्नास टक्के काम ती करते.

एक शेवटचं, बुटाशी संबंध नाही पण कड्यांशी आहे. त्या पुढं आलेल्या छपरांखाली आग्या मोहोळं लटकलेली असतात, पावसाचं पाणी लागत नाही म्हणून त्यांनाही तीच जागा आवडते. वरून दगड टाकणं, खाली बिडी पेटवणं, अगरबत्तीचा धूर, जोरात ओरडून आवाज घुमवणं, हे काहीही करू नका. त्या माश्या मागं लागल्या तर वाळूच्या दगडावरून पळायचं असतं, आणि या बुटात ते जमत नाही.